‘आज रोजी’ आणि फ्रेंच ‘ओझूर्द्वी’

स. न. वि. वि.
आपल्या पुरवणीत फ्रेंच ‘ओझूर्द्वी’चा अर्थ नुसता ‘आज’ असा दिला होता. अर्थ बरोबर, पण गंमत राहून गेली.

लॅटिनमध्ये ‘होदिए’ म्हणजे ‘या दिवशी’. त्याचेच स्पॅनिशमध्ये ‘ओय’ झाले, इटालियनमध्ये ‘ओज्जी’. फ्रेंचमध्ये झिजता झिजता उरले ‘हुई’, तेही ‘ह’ न उच्चारता. एवढासा शब्द कानाला अपुरा पडू लागला, म्हणून त्याला टेकू दिला: ओ + झूर + द + हुई, म्हणजे ‘आजच्या दिवशी’. ‘झूर’ म्हणजे दिवस आणि ‘हुई’च्या पोटातही दिवसच. आता बोलताना कोणी ‘ओ झूर दोझूर्द्वी’ म्हणते, तेव्हा दिवस तिसऱ्यांदा येतो. शुद्धलेखनवाले नाक मुरडतात.

आपण हसायचे कारण नाही. ‘आज’ आला संस्कृत ‘अद्य’वरून, त्यातला ‘द्य’ आणि लॅटिन ‘दिएस’ एकाच मुळाचे. त्याला फारसी ‘रोज’ जोडून आपण खरेदीखतात ‘आज रोजी लिहून देतो की’ असे लिहितोच. सोलापुरात पूर्व भागातल्या तेलुगू घरांत ‘ई रोजु’ ऐकू येते, त्यातला ‘रोजु’ही तोच. फक्त तिथे ‘ई’ म्हणजे ‘हा’, त्यामुळे दिवस एकदाच येतो.

शिकणाऱ्यांची चूक होते ती लिहिताना. रोमन लिपीत तो aujourd’hui असा लिहितात; त्यातल्या ‘द’नंतरचे लोपचिन्ह (’) गाळू नये आणि ओळ संपली तरी शब्द तिथे तोडू नये, चिन्ह मध्ये असले तरी शब्द एकच.

— फ्रेंचचे काही शिक्षक, सोलापूर