संबळाची शाळा तुळजापुरात हवी

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या वैशाखात पुतण्याच्या लग्नाचा गोंधळ घातला. चौक मांडला, दिवटी पाजळली, पण संबळ (गोंधळातलं जोड-चर्मवाद्य) वाजवणारे गोंधळी काका सत्तरीचे. सोबत आलेला मुलगा पुण्यात कंपनीत कामाला. त्याने झांज तेवढी धरली. रात्री दोनला आख्यान रंगात आलं तेव्हा मांडवात आम्ही नऊ जण. (डीजेसमोर मात्र सगळी भावकी नाचून दमली होती!) मी मोबाइलवर चित्रण केलंय, पण ते बघून कुणाचा हात बसत नाही. पावसाळी हवेत संबळाचं कातडं किती शेकायचं, हे काकांच्या शेजारी बसूनच कळतं.

इंफाळला मणिपुरी नृत्याची अकादमी आहे, दिल्लीत कथक केंद्र आहे. दोन्ही केंद्र सरकारच्या संगीत नाटक अकादमीच्या संस्था. मग गोंधळ, आराधी गाणी, भारूड शिकवणारी राष्ट्रीय संस्था मराठवाड्यात का नसावी? तुळजाभवानी इथली, नाथांचं पैठण इथलं, गोंधळमहर्षी राजारामबापू कदम आमच्या परभणीचे.

मात्र गुरू नेमताना पदवी मागू नका. काकांची शाळा चौथीत सुटली. जाहिरातीत 'पदव्युत्तर' शब्द आला की ते बाहेर आणि पुस्तकी माणूस आत. मुलांना विद्यावेतनही हवं, कारण सुगीत घरचे त्यांना शेतावरच बोलावणार.

काकांचा संबळ सध्या माळ्यावर आहे. शिकायला कुणी येणार असेल तर उतरवतो म्हणाले.

— एक निवृत्त शिक्षक, जिंतूर (जि. परभणी)