कोराईगडावर आईला पुढे चालवणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. तुम्हाला न विचारता ते सगळ्यांसमोर मांडणं बरं वाटत नाही. पण पेठ शहापूरच्या वाटेनं तुमच्याबरोबर गड चढलेलं कुणी हे वाचलं, तर ओळखेलच.

आईच्या पंचाहत्तरीनिमित्त आम्ही पुण्याहून लोणावळ्याच्या पलीकडच्या त्या डोंगरातल्या हॉटेलात राहायला आलो होतो. हॉटेल उत्तम. पण आईचा सगळा जीव गडावर होता, तिला कोराईदेवीची ओटी भरायची होती. खण, नारळ, तांदूळ तिनं घरूनच बांधून घेतलं होतं. हॉटेलच्या गाइडबरोबर, म्हणजे तुमच्याबरोबर, गडावर जायला नाव नोंदवताना काउंटरवर तिचं वय ऐकलं आणि लगेच विचारणा झाली, "आजींसाठी त्याऐवजी मसाज बुक करू का?" विचारणारीच्या मनात वाईट नसेल, पण आईचा चेहरा पडला.

पडणारच होता. मागच्या पावसाळ्यात ती इथल्याच एका ट्रेकिंग ग्रुपबरोबर तिकोन्याला गेली होती. वय आधी सांगितलं होतं, पैसे पूर्ण भरले होते. तरी चारचौघांत तिला ऐकवलं गेलं, "काकू, पटपट चला, तुमच्यामुळे सगळे खोळंबलेत." मग अर्ध्या वाटेवर तिला एका दगडावर बसवून सगळे वर निघून गेले. सोबतीला एक माणूससुद्धा ठेवला नाही. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "आता माझं डोंगराचं वय गेलं." मला त्या लोकांचा आजही संताप येतो. पावसात, निसरड्या वाटेवर म्हाताऱ्या माणसाला एकटं सोडणाऱ्यानं स्वतःला लीडर म्हणवून घेऊ नये.

आणि तुम्ही काय केलंत? गडाखाली सगळे जमल्यावर तुम्ही आईला एकदा नीट पाहिलंत. वय विचारलं नाहीत, गुडघ्यांची चौकशी केली नाहीत. म्हणालात, "मावशी, तुम्ही पुढे व्हा. आम्ही तुमच्या मागनं येतो."

बस, एवढंच. त्यानं केवढा फरक पडला हे तुम्हाला सांगायलाच हे पत्र लिहितेय.

मागे राहणाऱ्याला डोंगरात विश्रांती मिळतच नाही. पुढचे थांबतात, दम खातात, पाणी पितात. हा धापा टाकत पोचतो तोवर ते उठून चालू लागलेले असतात. सगळ्यात दमलेल्या माणसालाच सगळ्यात कमी बसायला मिळतं. आई पुढे गेल्यावर हे सगळं उलटं झालं. ती थांबली की सगळे थांबायचे, ती उठली की सगळे उठायचे. पायऱ्या सुरू झाल्यावर आपल्यातल्या एका जोडप्याची चुळबुळ चालली होती. तुम्ही आवाज न चढवता त्यांना म्हणालात, "गड कुठं जात नाही, सर." शेवाळलेल्या पायऱ्यांवर तुम्ही दरीच्या बाजूनं, तिच्या एक पायरी खाली चालत होतात. हात तिच्या कोपराजवळ उघडा धरलेला, पण तिला एकदाही धरलं नाहीत. तिला कुणी धरलेलं आवडत नाही, हे तुम्हाला कसं कळलं?

गणेश दरवाजातून ती सगळ्यांच्या आधी आत गेली. वर सोनकी फुलली होती. तुम्ही तटावरून तुंग आणि तिकोना दाखवलेत, 1657 साली महाराजांनी हे किल्ले स्वराज्यात आणले ते सांगितलंत, 1818 साली इंग्रजांच्या माऱ्यात दारूकोठार उडालं आणि गड गेला तेही सांगितलंत. आई तिकोन्याकडे बराच वेळ बघत होती. मग देवळात जाऊन तिनं ओटी भरली आणि प्रसादाचा पहिला तुकडा तुमच्या हातावर ठेवला.

दादा, हॉटेलनं आम्हाला खूप काही दिलं, पण त्याचे पैसे आम्ही मोजले होते. तुम्ही दिलंत ते बिलात कुठेच नव्हतं. माणुसकी शिकवायला कोर्स लागत नाही. समोरच्याला कमीपणा वाटू नये एवढी काळजी असली की पुरे. ती पुण्यातल्या बँकेत, दवाखान्यात, बसच्या रांगेत सापडत नाही तेव्हा मला तुमची आठवण येते.

मॅनेजरसाहेबांना वेगळं पत्र पाठवलंय, त्यात तुमचं नाव आवर्जून लिहिलंय. त्यांनी अजून सांगितलं नसेल, तर तुम्हीच विचारा.

आणि एक काम. आईला आता लोहगड करायचाय, पण तुमच्याबरोबरच. दिवाळीनंतर तुम्हाला कुठला दिवस जमेल ते कळवा. फराळ ती स्वतः घेऊन येणार आहे.

तुमची,
मावशींची लेक, पुणे