करिअरच्या पुरवणीत मराठी चांगलं असणाऱ्या मुलांसाठीही लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावी-बारावीचे निकाल लागले की तुमची करिअरची पुरवणी येते ती मी दरवर्षी जपून ठेवते, यंदा तर भाचीसाठी मुद्दाम दोनदा वाचली. तिला बारावी आर्ट्सला मराठीत 91 मार्क आहेत. पुरवणीत न्यू मीडियातल्या संधी म्हणून अर्धं पान होतं आणि त्यात इन्फ्लुएन्सर व्हा, डिजिटल मार्केटिंग करा, यूट्यूब चॅनल काढा एवढंच, शेजारी रिंग लाइटसमोर बसलेल्या मुलीचा फोटो. भाची म्हणाली, मावशी मला कॅमेऱ्यासमोर बोलायला जमत नाही, म्हणजे हे माझ्यासाठी नाहीच ना. ते ऐकून मला फार वाईट वाटलं म्हणून हे पत्र.

मी सांगलीत 14 वर्षं एका छापखान्यात डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर टाइप करून पानं लावायचं काम केलं. लग्नपत्रिका, बिलबुकं, ग्रामपंचायतीचे अहवाल, निवडणुकीची पत्रकं, सगळं पेजमेकर या सॉफ्टवेअरमध्ये आणि श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये. लॉकडाऊनमध्ये लग्नंच थांबली तर पत्रिका कुठून येणार, मालकांनी हात टेकले आणि मी घरी बसले. तेव्हा ओळखीच्या एका ताईंनी विचारलं की व्याख्यानांच्या व्हिडिओंना मराठी सबटायटल करून देशील का. मला सबटायटल म्हणजे सिनेमाच्या खाली येतं ते, एवढंच माहीत होतं. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर-मोबाइलवर सारखंच दिसणाऱ्या मराठीत टाइप करणं पण नव्याने शिकले, श्रीलिपीची सवय असलेल्या हाताला इनस्क्रिप्ट हा त्याचा कीबोर्ड बसायला महिना गेला. पहिला एक तासाचा व्हिडिओ करायला मला अख्खे दोन दिवस लागले होते, आता सहा-सात तासात होतो.

आणि हे काम म्हणजे नुसतं ऐकून टाइप करणं नाही हो. एका वेळी दोनच ओळी दिसतात, एका ओळीत 42 च्या आसपास अक्षरं, आणि वाचणाऱ्याला वेळ मिळाला पाहिजे म्हणून वक्ता भराभर बोलत असेल तर अर्थ न सोडता वाक्य लहान करावं लागतं. "मला असं वाटतं की आपण सगळ्यांनीच याचा एकदा तरी विचार करायला पाहिजे" याचं "सगळ्यांनी एकदा तरी याचा विचार करावा" करायचं आणि तरी बोलणाऱ्याचा सूर राहिला पाहिजे. शाळेत सारांशलेखन शिकवतात ना, तेच हे. ज्या मुलीला त्यात पैकीच्या पैकी मिळतात तिला आपण सांगतो की मराठी घेऊन नोकरी मिळत नाही!

आता मशीन आपोआप टाइप करून देतं हे खरं आहे आणि त्यामुळे मला सुरुवातीला मिळायचा तो दर आता मिळत नाही, हे लपवून मुलांची फसवणूक करू नये. पण मशीनने टाइप केलेलं तपासायला माणूस लागतोच. आमच्याकडचं "कुठं निघालाईस" त्याला झेपत नाही. मध्ये एका शेतीच्या व्हिडिओत "वापसा आल्यावर खत द्या" असं होतं, मशीनने लिहिलं "वापस आल्यावर खत द्या". वापसा म्हणजे पाऊस-पाण्यानंतर जमिनीत बेताची ओल राहणं, हे ज्याला माहीत आहे त्यालाच ती चूक दिसणार, आणि ते तासगाव-जतच्या पोरांना माहीत असतं, मोठ्या शहरात बसलेल्याला असेलच असं नाही. म्हणजे गावाकडून आलोय ही इथे कमी नाही, उलट तेच भांडवल आहे.

अशी कितीतरी कामं आहेत जी कुणी मुलांना सांगत नाही. बँकेच्या, सरकारी योजनांच्या ॲपमध्ये "आपले खाते सत्यापित करा" असलं मराठी येतं, माझी आई विचारते सत्यापित म्हणजे काय गं, तिथे "खातं पडताळून घ्या" लिहिणारा माणूस हवा, त्याला यूएक्स रायटिंग म्हणतात आणि ते वेगळं शिकता येतं. ऑडिओबुक आहेत, पॉडकास्टची स्क्रिप्ट आहे, व्हायरल मेसेज खरा की खोटा हे शोधणारं फॅक्टचेकिंग आहे. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडला की नुसती भलतीसलती चिन्हं दिसतात, कारण प्रत्येक कंपनीने आपल्या फॉन्टमधल्या अक्षरांना आपापले नंबर दिले होते, युनिकोडमध्ये मात्र "क" चा नंबर जगभर एकच. तो जुना मजकूर युनिकोडमध्ये आणून त्यातले रफार आणि जोडाक्षरं तपासायची हे केवढं मोठं काम पडून आहे, प्रकाशकांकडे आणि कदाचित तुमच्याकडे पण. बीबीसी मराठी 2017 ला सुरू झालं, यूट्यूबवरचं भाडिपा हे मराठी चॅनल 2016 ला, तिथे आपल्याला दिसतात ती चार माणसं, पण मागे लिहिणारे, एडिट करणारे, आवाज बघणारे असतातच की.

यूट्यूब चॅनल काढायचंच असेल तर काढावं, मी नको म्हणत नाही, पण पुरवणीत आकडे तरी द्या. जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला 1000 सबस्क्रायबर आणि वर्षात 4000 तास बघितलं गेलं पाहिजे, किंवा 90 दिवसात शॉर्ट्सना 1 कोटी व्ह्यूज. पैसे घेऊन एखाद्या वस्तूची तारीफ केली तर तसं स्पष्ट सांगावं लागतं, केंद्र सरकारची जानेवारी 2023 पासून तशी सूचना आहे. हे मुलांना माहीतच नसतं.

आणि क्लासेसबद्दल कृपया लिहा. आमच्या गल्लीतल्या एका मुलीने 100 टक्के प्लेसमेंट म्हणून डिजिटल मार्केटिंगच्या क्लासला 45 हजार भरले, वडिलांनी सोसायटीतून कर्ज काढून. हातात आल्या चार पीडीएफ आणि एक सर्टिफिकेट, आणि नोकरी म्हणून दाखवलं ते टेलिकॉलिंग. ती मुलगी आता कुणाशी बोलत नाही. पत्रकारिता आणि माध्यमं शिकायला पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, मुंबई विद्यापीठाचं गरवारे आहे, अमरावतीला केंद्र सरकारची आयआयएमसी आहे, घर सोडता येत नसेल तर नाशिकचं मुक्त विद्यापीठ आहे, आधी तिथली फी आणि अभ्यासक्रम बघा एवढं जरी छापलं तरी एखादं घर वाचेल.

ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा तुम्ही पहिलं पान त्यालाच दिलं होतं, मला खूप भरून आलं होतं. आता तेवढ्याच आपुलकीने एक पान या कामांना द्या. तज्ज्ञांचे लेख नकोत, प्रत्यक्ष काम करणाऱ्या पाच-सहा जणांना विचारा की पहिलं काम कसं मिळालं, दिवसभर काय करता, पैसे मिनिटावर मिळतात की महिन्याला, थकले तर कुणाकडे मागता, कुठला कोर्स उपयोगी पडला आणि कुठला वाया गेला. माझं नाव न छापता मी सगळं सांगायला तयार आहे.

भाचीला मी सध्या रोज संध्याकाळी अर्धा तास इनस्क्रिप्टवर बसवते. मागच्या आठवड्यात तिने माझ्या तयार फाइलमधल्या तीन चुका काढल्या, ज्या मी दोनदा वाचूनही मला दिसल्या नव्हत्या.

आपली नियमित वाचक,
सांगली