बाबांच्या तळव्यांसाठी

ऐरोली, नवी मुंबई

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर विषय काढला की बाबा "मी बरा आहे" म्हणून फोन आईकडे देतात, म्हणून लिहिते आहे. आमच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावरची जागा मी भाड्याने घेतली आहे आणि अनामत रक्कमही भरली आहे. तुम्हाला न विचारता हे केले, याबद्दल रागवा. पण ठाण्यातल्या नौपाड्याच्या घराचे तीन मजले बाबांनी आता चढू-उतरू नयेत.

गरम पाण्याच्या पिशवीने पायाला फोड आला आणि आईने मोजा काढेपर्यंत बाबांना ते कळलेसुद्धा नाही, हे ऐकल्यापासून मला नीट झोप लागलेली नाही. डॉक्टरांनी सांगितले की, मूत्रपिंडे निकामी होत गेली की जी द्रव्ये लघवीवाटे जायची ती रक्तात साचतात आणि मज्जातंतूंना इजा करतात. पायांपर्यंत पोचणारे तंतू सर्वांत लांब, म्हणून मुंग्या, जळजळ आणि बधिरपणा आधी तळव्यांत येतो आणि हळूहळू वर सरकतो. बाबांच्या मधुमेहाने त्यात भर घातली आहे. आई, रात्री ते सारखे पाय हलवतात तेही या आजारात पुष्कळांना होते, तो त्यांचा हट्ट नव्हे.

बाबा, म्हणूनच आठवड्यातले तिसरे डायलिसिस चुकवू नका. गेलेली संवेदना त्याने पूर्ण परत येईल असे मी म्हणत नाही, पण नियमित आणि पुरेसे झाले तर दुखणे पुढे सरकणे बहुधा थांबते. प्रत्यारोपणाने याहून अधिक सुधारणा होऊ शकते, हे मला ठाऊक आहे. आईच्या तपासण्यांनंतर जे ठरले, ते मी पुन्हा उकरून काढत नाही.

इथे लिफ्ट आहे. बाबांची आरामखुर्ची पूर्वेच्या खिडकीशी बसते, हे मी मोजून पाहिले आहे. तुळशीला ऊन मिळेल, दूध दारात येईल, आणि ऐरोलीच्या पुलावरून नौपाडा काही लांब नाही. आईचे भजनी मंडळ सुटणार नाही, गुरुवारी मी स्वतः सोडीन.

लहानपणी माझ्या पायात काटा रुतला की बाबा माझा तळवा मांडीवर घेऊन, दिव्यावर तापवलेल्या सुईने, मी रडण्याआधी तो काढायचे. आता रोज रात्री त्यांचे तळवे मी पाहणार आहे, बोटांच्या बेचक्यांसकट.

तोवर घरातही अनवाणी फिरायचे नाही. शेकायची पिशवी आई आजच कुणाला तरी देऊन टाकेल. अंघोळीचे पाणी आधी तिने हाताने पाहायचे. आणि बाबा, शेजारच्या काकांना जळजळीवर लागू पडलेली गोळी तुम्ही घ्यायची नाही: अशी काही औषधे मूत्रपिंडावाटेच बाहेर पडतात, म्हणून तुम्हाला त्यांची मात्रा फार कमी लागते, नाहीतर गुंगी येऊन तोल जातो.

रविवारी सकाळी टेम्पो येईल. जड काही उचलू नका, विशेषतः फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिससाठी शीर आणि रोहिणी जोडलेल्या हाताने. देव्हारा मी स्वतः उतरवीन.

तुमची,
धाकटी