काचेची नळी कुणी विचारत नाही

संपादक महोदय,

भातकापणी तोंडावर आली की कुठल्या आरोग्य केंद्रात सर्पदंशाची लस किती शिल्लक आहे, ही बातमी आपल्या पानावर येते. यंदाही आली. आकडा छापला की साठा हलतो, म्हणून बरंच वाटलं. पण मी ३१ वर्षं परिचारिका होते, त्यातली बहुतेक सह्याद्रीच्या पायथ्याशी, जिथून जिल्हा रुग्णालय वळणावळणाच्या रस्त्याने अडीच तास. बातमीत कधीच नसलेल्या एका वस्तूबद्दल लिहिते आहे. काचेची, नवी, कोरडी परीक्षानळी.

आमच्याकडे 'पान लागलं', म्हणजे साप चावला, म्हणून येणाऱ्यांत फुरशाचे बरेच. गडग्याच्या फटीत, आंब्याखालच्या पातेऱ्यात ते बसलेलं असतं आणि हात नेमका तिथेच जातो. फुरसं असो की घोणस, विष रक्त गोठू देत नाही. हे ओळखायला यंत्र लागत नाही. दोन मिली रक्त नळीत घ्यायचं, २० मिनिटं तिला हात लावायचा नाही, मग अलगद कलती करायची. दह्यासारखं बसलं तर तूर्त ठीक, थोड्या वेळाने पुन्हा बघायचं. पाण्यासारखं ओघळलं तर लस सुरू.

एका हरतालिकेच्या रात्री मुंबईहून आलेल्या चाकरमान्याला मागल्या दारी काहीतरी चावलं. पायाला दोन ठिपके, बाकी काही नाही. २० मिनिटांनी नळी कलती केली तर रक्त पाणीच. डॉक्टर नवे होते, लस फोडायला निघाले. मला पटेना. सूज नाही, हिरड्यांतून रक्त नाही. त्याच स्टँडवरची दुसरी नळी घेऊन तिच्यात माझं स्वतःचं रक्त काढलं आणि घड्याळ लावलं. तेही पाणी! मला काही जनावर चावलं नव्हतं. चौकशी केली तर नव्या मदतनीसाने सगळ्या नळ्या साबणाच्या पावडरीने धुऊन उन्हात छान वाळवल्या होत्या. बिचाऱ्याला शाबासकी हवी होती. मोटारसायकलवर माणूस धाडून खासगी लॅबमधून कोरी नळी आणली, रक्त बसलं. लसीच्या दहा वायल, म्हणजे कुप्या, वाचल्या. शिवाय ही लस घोड्याच्या रक्तापासून बनते, कुणाकुणाचा रक्तदाब कोसळतो, म्हणून तो सावरणारं अ‍ॅड्रेनॅलिन भरून ठेवावं लागतं. तो धोका त्या माणसाला फुकट पत्करावा लागला असता. रात्रभर ठेवून पुन्हा पुन्हा तपासलं, सकाळी तो गणपती आणायला चालत गेला.

हल्ली प्लास्टिकच्या नळ्या येतात. प्लास्टिकमध्ये रक्त गोठायला वेळ लागतो, ही चाचणी तिथे चालत नाही. काचेच्या नळ्यांसाठी मी तीनदा मागणीपत्र दिलं, शेवटी पदरच्या पैशांनी घेऊन कपाटात कुलुपात ठेवल्या. केंद्र सरकारने २०२४ साली सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा आराखडा काढला. चांगला आहे. नळी मात्र मागणीपत्रातूनच येते.

आणि ज्याचं रक्त खरोखर गोठत नाही, त्याला पहिला डोस न देताच 'पुढे न्या' म्हणायची पद्धत बंद व्हायला हवी. अडीच तासांचा रस्ता विषाला सोयीचा. एक आजी म्हणाल्या होत्या, "सिस्टर, पोर आहे, अर्धीच द्या." त्यांना सांगितलं, जनावराने अर्धं विष घातलेलं नाही. मुलाला डोस मोठ्यांइतकाच लागतो.

मण्यारीची गोष्ट निराळी. पडवीत जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखतं म्हणून येतो, चावल्याची खूण सापडत नाही, पापण्या जड होत जातात. तिथे नळी कामाची नाही, श्वास देणारी पिशवी आणि ती दाबत बसणारे हात लागतात. आणि चापडा नावाच्या विषारी सापावर आपली लस चालत नाही. ती नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांसाठीच.

आपला वार्ताहर पुढच्या वेळी वायल मोजायला जाईल, तेव्हा त्याने कपाटही उघडायला सांगावं आणि नळ्या काचेच्या आहेत का, खोक्यातल्या आहेत की धुतलेल्या, एवढं विचारावं. रात्री अकरानंतर गेला तर उत्तम.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
संगमेश्वर तालुका, जि. रत्नागिरी