हिशेब ड्रॉइंग काढतानाच मांडा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

एखादं यंत्र ‘पर्यावरणपूरक’ असल्याची बातमी वाचली की मी त्यात दोन गोष्टी शोधते : कशाच्या तुलनेत, आणि हिशेब कुठपासून कुठपर्यंतचा? बहुतेक वेळा दोन्ही सापडत नाहीत. माझी सगळी नोकरी पंप आणि मोटरींच्या डिझाइनमध्ये गेली, म्हणून हे लिहावंसं वाटलं.

असा पूर्ण हिशेब मांडण्याची रीत म्हणजे जीवनचक्र मूल्यांकन. ते जुनंच आहे. १९६९ साली कोका-कोलाने शीतपेयाच्या बाटल्या-डब्यांची तुलना करून घेतली, तिथून त्याची सुरुवात मानतात. आज त्यासाठी आयएसओ १४०४० आणि १४०४४ ही मानकं आहेत. खाणीतून धातू निघतो तिथपासून यंत्र भंगारात जाईपर्यंत काय काय लागलं आणि काय काय बाहेर पडलं, ते सगळं मांडायचं. पद्धत चांगली आहे. माझी तक्रार ती वापरण्याच्या वेळेबद्दल आहे. उत्पादन तयार झाल्यावर मूल्यांकन होतं, अहवाल निघतो, प्रमाणपत्र भिंतीवर लागतं. तोवर धातू ठरलेला असतो, साचे बनलेले असतात. बदलण्यासारखं उरतं ते पॅकिंगचं खोकं!

१५ किलोवॉटची मोटर घ्या. पूर्ण भाराने वर्षाला ६,००० तास चालली आणि कार्यक्षमता ९० टक्के असली, तर ती वर्षाला एक लाख युनिट वीज खाते. १५ वर्षांत १५ लाख. कार्यक्षमता ९३ टक्के केली तर तेवढ्या काळात सुमारे ४८,००० युनिट वाचतात. त्यासाठी वाइंडिंगमध्ये (तारेच्या गुंडाळ्यांत) जास्त तांबं आणि चांगल्या प्रतीचं स्टॅम्पिंग (पोलादी पत्र्याच्या चकत्या) लागतं, पण ते बनवायला खर्च झालेली ऊर्जा पहिल्या वर्षातच भरून निघते. आता तीच मोटर अग्निशमनाच्या पंपावर बसवा. ती चाचणीपुरती फिरते, बाकी काळ उभी. तिथे वाचवायला वीजच नाही, जास्तीच्या तांब्याचा बोजा मात्र पुरता अंगावर येतो. यंत्र तेच, निष्कर्ष उलटा. म्हणून आधी काम आणि तास ठरवावे लागतात, मगच तुलनेला अर्थ येतो.

सगळ्यात मोठी नासाडी मी मार्जिनमध्ये, म्हणजे खबरदारी म्हणून धरलेल्या जादा क्षमतेत, पाहिली आहे. प्रक्रिया विभाग गरजेवर दहा टक्के चढवतो, पाइपिंगवाले त्यावर दहा, पंप निवडणारा आणखी दहा. झाले तेहतीस टक्के, आणि मोटर त्याच्याही वरच्या साइझची. मग साइटवर व्हॉल्व अर्धा आवळून प्रवाह जुळवतात आणि पंप जन्मभर त्या व्हॉल्वशी झगडत राहतो. हात लावला तर व्हॉल्व थरथरताना कळतो. ती थरथर म्हणजे वाया जाणारी वीज. कुणाचीच चूक नसते, कारण प्रत्येकाने आपापल्या टेबलावर काळजीच घेतलेली असते. जिथे दाब मुख्यतः पाइपमधल्या घर्षणासाठीच लागतो, तिथे व्हॉल्व आवळण्याऐवजी पंपाचा वेग ८० टक्क्यांवर आणला की लागणारी शक्ती जवळपास निम्म्यावर येते. एवढ्या मोठ्या आकड्यासाठी कुठलंही महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. एका बैठकीत तिन्ही टेबलं एकत्र बसली तरी पुरे.

शेवटच्या टप्प्याकडे तर कुणी बघतच नाही. वाइंडिंगसकट मोटर क्रशरखाली गेली की तांब्याचे तुकडे लोखंडी भंगारात मिसळतात. भंगार वितळवल्यावर ते तांबं वेगळं काढण्याचा व्यवहार्य मार्ग नाही, आणि असं पोलाद तापवून लाटताना त्याला भेगा पडतात. स्टेटर (मोटरचा न फिरणारा, वाइंडिंगचा भाग) सहज सुटेल की रेझिनमध्ये कायमचा अडकेल, हे डिझाइनर पहिल्या दिवशीच ठरवून बसलेला असतो.

एकट्या कार्बनच्या आकड्यावरही विसंबू नये. ओझोन वाचवण्यासाठी १९८७च्या मॉन्ट्रियल करारानंतर फ्रिज-एसीत वापरले जाणारे सीएफसी वायू मागे पडले, ते योग्यच झालं. पण त्यांच्या जागी आलेल्या एचएफसी-१३४ए या वायूचा एक किलो शंभर वर्षांच्या हिशेबात हजार किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. त्याला आवर घालायला २०१६ साली रवांडातल्या किगालीत त्याच करारात वेगळी दुरुस्ती करावी लागली. एका रकान्यातला बोजा दुसऱ्यात सरकला, आणि ते लक्षात यायला सगळे रकाने समोर असावे लागतात.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती. अशा दाव्याची बातमी देताना यंत्र किती तास चालेल असं धरलंय, वीज कोळशाची धरली की पाण्याची, आणि हिशेब कारखान्याच्या फाटकाशी थांबला की भंगारापर्यंत गेला, एवढं विचारून छापावं. उत्तर मिळालं नाही तर तेही बातमीत लिहावं.

आपली,
एक निवृत्त यंत्र-अभियंता