डुक्कर फिएट आणि रद्दीवाला

संपादक महोदय,
मला साधी बाईक नीट चालवता येत नाही पण जुन्या गाड्यांचं वेड लागलंय आणि ते लागलं पुस्तकांमुळं. विश्रामबागेतल्या रद्दीवाल्याकडं फिएट ११०० चं रिपेअर मॅन्युअल सापडलं, चाळीस रुपयांना, कार्बोरेटरच्या पानावर कुणा मिस्त्रीच्या ग्रीसच्या अंगठ्याचा ठसा तसाच होता, मी ते पान अजून पुसलेलं नाही. मग वाचतच सुटलो. आपण जिला डुक्कर फिएट म्हणतो त्या जुन्या ११०० चे पुढचे दरवाजे उलटे उघडायचे, तिच्यानंतरची पद्मिनी १०८९ सीसीची, गिअर स्टेअरिंगला, आणि ॲम्बेसेडर म्हणजे मूळची इंग्रजांची मॉरिस ऑक्सफर्ड, जी २०१४ पर्यंत बनत होती! आमचे मामा पद्मिनी सकाळी चोक ओढून चालू करायचे आणि गल्लीभर पेट्रोलचा वास, तो चोक नेमका काय करतो (हवा कमी, पेट्रोल जास्त, बास) हे मला पुस्तकानं चाळिशीत सांगितलं.

आता मुद्दा. २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांना ‘व्हीए’ सिरीजचा वेगळा नंबर मिळतो, छान आहे, पण त्या दुरुस्त करायच्या तर मॅन्युअल कुठनं आणायचं? ती तर किलोवर चाललीत. सांगली-मिरजेतल्या वाचनालयांनी एक कपाट ठेवावं, माझं मॅन्युअल मी द्यायला तयार आहे. झेरॉक्स काढून घेतल्यावर.

– एक वाचक, सांगली